ढकलगाडी

शेफाली मॅडमनी काचेवर टकटक केली, तशी जयसिंगला चावी फिरवावीच लागली. टेम्पो गप्प झाला. आता तो पुन्हा सुरू होणार नव्हता, हे एकट्या जयसिंगला ठाऊक होतं. स्टार्टर सकाळीच मेला होता. घराजवळच्या उतारावर सोडून कशीबशी गाडी चालू केलेली.

धायरीच्या कारखान्याबाहेर टेम्पोंची लाइन लागली होती. कारखान्याच्या परदेशी गिऱ्हाइकाला म्हणे आता मालाबरोबर धुराचाही हिशेब हवा होता. म्हणून मॅडम कंपनीच्या हिंजवडीच्या ऑफिसातून उठून थेट लाइनीत आल्या होत्या. उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं की गाडी बाद. नादुरुस्त दिसली, तरी बाद. आणि जयसिंगला या कारखान्याशिवाय दुसरं काम नव्हतं.

पुढचा टेम्पो आत गेला. गेटाच्या आत उतार होता. तिथवर पोचलं की निभावलं. पण मधली जागा सपाट.

मागून सीतारामचा हॉर्न वाजला. गेल्याच आठवड्यात ‘नवले पुलावर आरटीओ उभाय’ अशी थाप मारून जयसिंगने त्याला स्वारगेटचा वळसा घालायला लावला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

जयसिंग उतरून मागे गेला.

“सीतारामभाऊ, हात लाव जरा. स्टार्टर गेलाय.”

“आरटीओला बोलाव की. तुझ्या वळखीचाय.”

“हळू बोल रे, मॅडम आल्या!”

आल्याच. एका नजरेत त्यांनी दोघांना जोखलं.

“काय हो, बंद पडली का यांची गाडी?” त्यांनी सीतारामलाच विचारलं.

सीतारामने सावकाश मिशीवरून बोट फिरवलं.

“बंद कशानं पडतीय? लाइनीत आमी गाड्या ढकलूनच नेतो, मॅडम. उगा धूर कशाला?”

आणि खाली उतरून त्याने जयसिंगच्या टेम्पोला मागून हात लावला. जयसिंग स्टिअरिंगवर चढला. रिकामा टेम्पो कुरकुरत हलला, गेटातून आत शिरला. जयसिंगने तो उताराच्या तोंडाशी उभा केला आणि चाकापुढं दगड सरकवला.

मॅडमनी मोबाइलवर काहीतरी टिपलं.

“छान आहे पद्धत. मग तुमचाही असाच आणा.”

सीतारामचा टेम्पो खोक्यांनी गच्च भरलेला. तो स्टिअरिंगवर जाऊन बसला. जयसिंगने बाह्या सारल्या, मागे जाऊन खांदा लावला. रेटलं. पुन्हा रेटलं. मानेच्या शिरा तटतटल्या, टेम्पो तसूभर हलेना.

“सीतारामभाऊ,” तो दातओठ खात म्हणाला, “हँडब्रेक!”

“काढतो की,” आतून शांत आवाज आला. “आधी जरा घाम येऊ दे.”