गुलाबी ज्वारीची पिशवी

मी बियाण्याची पिशवी बोलतेय. अठ्ठ्याण्णव साली पुसेगावच्या दुकानातून देविदासच्या सायकलवर बसून तांड्यावर आले. पोटात संकरित ज्वारी, बुरशी लागू नये म्हणून औषध चोळलेली, गुलाबी. अंगावर छापलेलं होतं, विषारी आहे, जनावरांना घालू नये. पण माणसं माझं तोंड तेवढं उसवतात. वाचतो कोण?

पेरणी भाड्याच्या बैलानं झाली. निम्मी ज्वारी उरली. दारात खाटकासाठी पोसलेला हेला, म्हणजे रेडा, होता. तो विकून घरचा बैल घ्यायचा, म्हणून देविदासला हेल्याच्या अंगावर मांस चढवायची घाई.

तांड्यावर रीतच होती. उरलेलं बियाणं तांदळासारखं चोळून धुवायचं. पाणी नितळ निघालं की औषध गेलं म्हणायचं. अहो, तो रंग सावध करायला टाकलेला. रंग जातो, औषध सगळं जात नाही. देविदासनं तसंच धुतलं आणि सकाळी घमेलंभर हेल्याला घातलं.

दुपारी देविदासच्या बायकोनं, जिवनबाईनं, मी रिकामी झाले म्हणून मीठ भरायला मला उचललं. चौथी शिकलेली बाई. बोट ठेवत एकेक अक्षर वाचलं आणि तशीच नवऱ्यापुढं उभी राहिली.

"ह्याचीच भाकर टाकू का तुमाला?"

"मला काहून? हेल्याला चालते."

"अन् हेला कोन खाते?"

"आपुन थोडंच खातो? खाटीक नेईल."

"खाटकाकडून कुनाच्या तरी लेकराच्याच ताटात जाईल ना. त्याची माय मीच हाय समजा."

देविदासनं सायकल काढली आणि जनावरांच्या दवाखान्यात निरोप दिला. डॉक्टर येऊन बघून गेले. हेला धडधाकट दिसतो, पण मी सांगेपर्यंत विकू नका, म्हणाले. दोन दिवसांनी हेला न्यायला व्यापारी दोर घेऊन आला. देविदास त्याच्याकडं बघेना. जिवनबाईनंच पुढं होऊन काय घातलं ते सांगितलं. व्यापारी हसला, दोर गुंडाळून निघून गेला. बैल काही आला नाही. त्या रात्री नवरा जेवला नाही. तिनंही ताट झाकून ठेवलं.

सकाळी देविदासनंच विहिरीपासून लांब, बरड माळावर खोल खड्डा खणला. उरलेली ज्वारी त्यात ओतली. मला धुऊन कुणी पीठ भरू नये म्हणून तिनं टराटरा फाडलं आणि त्याच खड्ड्यात टाकलं. दुखलं, पण बरं केलं.

आता मी मातीखाली आहे. माझ्या बहिणी मात्र अजून घरोघरी खुंटीला लटकल्यात. बायांनो, घमेल्यात काही ओतायच्या आधी त्यांच्या अंगावरचं वाचा. वाचता येत नसेल तर कुणाला विचारा. पण नितळ पाणी बघून कुणाच्या ताटात इख वाढू नका.