मंडळीची एकच ओढणी

मी एक जुनी ओढणी आहे. पांढऱ्या जाळीची, नवरीच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची. मित्रांनो, तुमच्या घरातली ओढणी ताईची असते किंवा आईची. मी मात्र कुणा एकीची कधीच नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीची मी सामाईक ओढणी.

माझा जन्म १९९३ सालचा. मंडळीतली घरं थोडी आणि बेताच्या कमाईची. दर लग्नाला चंद्रपूरहून नवी ओढणी आणणं कुणाला जमत नसे. म्हणून सगळ्यांनी मिळून जाळीचं कापड आणलं आणि बाजारातल्या कनीजभाभींकडे शिवायला दिलं. कनीजभाभी मुसलमान, चर्चमधल्या लग्नाचं काम त्यांच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी माझ्या कडेने क्रोशाची बारीक किनार विणली. देताना बजावलं, "रिठ्यानंच धुवा बरं. सोड्यात टाकून मारून नका टाकू बिचारीले."

मंडळीने एक रीत पाडली. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी नवरीने मला परत आणून पाळकांच्या टेबलावर ठेवायचं. मग केसरबाई मला घरी नेऊन धुवायची, आडोशाला वाळवायची आणि कडुनिंबाचा पाला घालून चर्चच्या मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. केसरबाई अंगणवाडीत काम करायची आणि रविवारी मुलांना शास्त्र शिकवायची. तिच्या हाताला खडूचा वास असे.

प्रत्येक लग्नात पाळक इतवारीसाहेब पवित्र शास्त्रातलं वधूवरांचं गीत वाचत. त्यात द्राक्षमळे आहेत, डाळिंबं आहेत, डोंगरांवरून उड्या घेत येणारा प्रियकर आहे. तरणी पोरं माना खाली घालून हसत. पाळक थांबत आणि म्हणत, "हासू नका. हा नवरा म्हणजे आपला प्रभू, अन् नवरी म्हणजे आपण सगळे. बाई असो, माणूस असो, म्हातारा असो. प्रत्येक जीव त्याची नवरी." ते ऐकून मला अभिमान वाटे. मी एका मुलीच्या डोक्यावर असले, तरी सगळी मंडळीच माझ्याखाली बसली आहे असं वाटे.

दुसऱ्याच वर्षी केसरबाईचं लग्न ठरलं. नवरा मुलगा बिरजू, भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक. सप्टेंबर सरताना पाऊस संपतो, असं धरून घरच्यांनी तारीख काढली होती. पाऊस संपला नाही. लग्नाच्या सकाळी केसरबाईने मला डोक्यावर घेतलं आणि ती पहिल्या बाकावर बसली. दुपार झाली. पर्लकोटा नदीला पूर आहे, गाडी पलीकडे अडकली असेल, असं लोक म्हणू लागले. जेवणाची भांडी झाकून ठेवली गेली. दिवेलागण झाली तेव्हा तिच्या आईने मला काढायला हात पुढे केला. केसरबाईने तो अडवला.

"तो येते म्हणला, तर येते," ती म्हणाली.

पूर ओसरल्यावर निरोप आला. बिरजूला मेंदूचा मलेरिया झाला होता. त्याला दवाखान्यात न्यायला निघालेली जीप पाण्याच्या काठावरून परत फिरली होती. केसरबाई माझ्याखाली बसून वाट पाहत होती, त्याच्या आदल्या दिवशीच त्याला मातीत ठेवलं होतं.

केसरबाईने मला नेहमीसारखं रिठ्याने धुतलं, वाळवलं, पेटीत ठेवलं. तिने पुन्हा लग्न केलं नाही. पुढे कितीतरी मुलींच्या डोक्यावर तिनेच मला नीट बसवलं, टाचण्या लावल्या, "हालू नको वो, पोरी" म्हणून दटावलं.

एकदा मला परत ठेवताना तिने पाळकांना विचारलं, "पाळकभाऊ, त्या गीतात मधी एक पान हाय. ती दार उघडते, अन् तो निघून गेला असते. ते तुम्ही लग्नात काऊन नाई वाचत?"

"लग्नाच्या दिवशी कोणाले रडवाचं, बाई?"

"मंग कवा वाचाचं?"

इतवारीसाहेबांनी चष्मा पुसला.

तेव्हापासून केसरबाई ते पान मुलांना शिकवू लागली. मुलांचा वर्ग माझ्याच खोलीत भरे. मंडळीचे पंच लटारूभाऊ यांची मुलगी दिव्यानी तेव्हा लहान होती. तिने विचारलं, "मावशी, तो तिले सापडते का?"

"ती शोधत राह्यते. शोधते, म्हणूनच ती नवरी."

"मंग तू बी नवरी?"

"हो ना. सावलीतली सगळ्यात जुनी," केसरबाई म्हणाली आणि सगळी मुलं हसली. तीही हसली.

२००६ साली तिच्या पोटात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला घरी नेऊन ठेवायला सांगितलं. एका दुपारी कनीजभाभी तिला रिक्षात बसवून चर्चमध्ये घेऊन आल्या. मागच्या खोलीत इतवारीसाहेब होते आणि लटारूभाऊही. पुढच्या आठवड्यात दिव्यानीचं लग्न होतं, म्हणून ते पेटी उघडून मला पाहत होते.

केसरबाई स्टुलावर टेकली. दम लागला होता. "पाळकभाऊ, मले पुराल तवा हे ओढणी माह्या डोक्यावर घाला. दुसरं काई मागत नाई."

लटारूभाऊ चपापले. "असं कसं, बाई? माह्या पोरीचं लग्न हाय ना."

"तिले मी दुसरी शिवून देतो," कनीजभाभी लगेच म्हणाल्या. "कापड बी माह्या घरचं. दिव्यानी काय मले परकी हाय का?"

"गोष्ट कापडाची नाई, भाभी. ओढणी नवरीची असते. बिनलग्नाच्या बाईले मेल्यावर घातली, तर लोक काय म्हणतीन?"

"पाळकभाऊ, तुम्हीच सांगा," केसरबाई म्हणाली. "प्रत्येक जीव त्याची नवरी, असं तुम्हीच म्हणता ना?"

इतवारीसाहेबांनी लटारूभाऊंकडे पाहिलं. मंडळीत लटारूभाऊंचा शब्द चाले. मग ते खाली पाहत म्हणाले, "ते आत्मिक अर्थानं हाय, बाई."

"मी बी दुसऱ्या कोणत्या अर्थानं मागून राह्यली, भाऊ?"

केसरबाईने माझी विस्कटलेली घडी पुन्हा नीट केली, पाला सारखा केला आणि स्वतःच्या हाताने पेटीचं झाकण लावलं.

चार दिवसांनी तिची शवपेटी चर्चमध्ये आणली. मी भिंतीपलीकडे होते. गाणी झाली, प्रार्थना झाली, माणसं कबरस्तानाकडे गेली. मला न्यायला कुणी आलं नाही.

मग दिव्यानीचं लग्न आलं. लटारूभाऊंनी मला पेटीतून काढलं आणि लेकीपुढे धरलं. तिने हात मागे घेतले.

"मले नाई पाहिजे, बाबा. मावशीनं मागतली होती."

"तमाशा नको करू. लोक बसले हायेत."

तिने साडीचा पदर डोक्यावर घेतला आणि दारात उभ्या असलेल्या पाळकांना म्हणाली, "साहेब, आज ते मधलं पान वाचा. मावशी शिकवे ते."

मी उघड्या पेटीवर पडून ऐकत होते. इतवारीसाहेब वाचत गेले. वधू दार उघडते. तो निघून गेलेला असतो. ती त्याला शोधत नगरात फिरते. तिथे तिला पहारेकरी भेटतात, ज्यांनी नगर राखायचं ते. ते तिला मारतात, घायाळ करतात आणि तिच्या अंगावरची ओढणी काढून घेतात. इथे पाळकांचा आवाज तुटला. ते पुढे वाचू शकले नाहीत. शेवटी कुणीतरी गाणं सुरू केलं.

त्यानंतर मला कुणी मागितलं नाही. आता नववधूंच्या ओढण्या नागपूरहून येतात, चमकीच्या. धुणारी गेली, त्यामुळे पत्र्याचा गंज माझ्या घडीवर उतरला आहे. कनीजभाभींची किनार तेवढी अजून धड आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा. मला तसं म्हणवत नाही. मला फार जपलं गेलं. तुमच्याही घरात चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलेलं काहीतरी असेल. एखाद्या थकलेल्या माणसाने ते मागितलं, तर त्याचा त्यावर हक्क काय, असं विचारत बसू नका. देऊन टाका. केसरबाईच्या डोक्यावर मी मातीत कुजून गेले असते. मला ते चाललं असतं.