सात नंबर वॉर्डाची पेटी

माझा आवाज जरा कोंडल्यासारखा येईल, सांभाळून घ्या. मी मतपेटी आहे. नऊ वर्षं माझं झाकण एकदाही उघडलं नाही, आणि इतकी वर्षं तोंड मिटून राहिलं की बोलायची सवय मोडते.

जुन्या पेट्या लोखंडी होत्या. आतलं काही दिसायचं नाही म्हणून लोक संशय घ्यायचे. मग आम्ही आलो, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या. झाकणाला कागद जाईल एवढी फट, चार बाजूंना चार सिलं. ढाक्याहून ट्रकने आले ती थेट जमुनाकाठच्या या उपजिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयात. तिथलं मागचं कोठार हे माझं घर. वर्षभर धूळ आणि झुरळं, आणि मग एखादा दिवस असा उगवतो की अख्खा गाव तुमच्यासमोर रांग लावतो.

तो दिवस मला फार आवडायचा. माणसं कागदाची घडी कशी घालतात ते पाहत राहावं. म्हातारे पानाचा विडा बांधावा तशी बांधतात. नवखी पोरं इतकी बारीक करतात की उलगडणाऱ्याचा जीव जावा. कुणी कागद टाकून वरून दोन थापा मारतं. कुणी वाकून बघतं, खरंच आत पडला ना. संध्याकाळी तिथेच सिलं तोडायची, कागद जमिनीवर ओतायचे, मोजायचे. रिकामी होऊन मी परत यायची ती हलकी होऊन. अशा दोन निवडणुका मी पाहिल्या. तिसरीत अडकले.

ती कुसुमदी युनियनची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, निवडणूक होती. मला सात नंबर वॉर्डात पाठवलं, चर मोइशखोलाच्या पत्र्याच्या शाळेत. चर म्हणजे नदीतली गाळाची जमीन. आज आहे, उद्या नाही. मोइशखोलाची जुनी जमीन नदीने दोन पुरांत गिळली. लोकांनी घरांचे पत्रे आणि बांबू नावेत घातले आणि पलीकडे वर आलेल्या नव्या वाळूवर जाऊन राहिले. मोजणीवाल्यांनी ही नवी वाळू शेजारच्या हिजलकोना युनियनच्या नकाशात दाखवली. मतदारयादीत मात्र ही माणसं कुसुमदीचीच राहिली. घर एका युनियनमध्ये, मत दुसऱ्या. तोवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्या दिवशी सहाशे अकरा जणांनी मत दिलं. प्रत्येकाचे तीन कागद. चेअरमनचा पांढरा, वॉर्डातल्या मेंबरचा निळा, आणि सात, आठ, नऊ या तीन वॉर्डांतून बायांच्या राखीव जागेवरच्या मेंबरचा गुलाबी. गुलाबी कागदावर दोनच नावं होती आणि दोघी याच चरावरच्या. एक सोमेला खातून, चिन्ह कळशी. आठवी शिकलेली, चरावरच्या सगळ्यांचे अर्ज तीच लिहून द्यायची. दुसरी छमिरन बेवा, चिन्ह बगळा. साठीची विधवा, सुईण. रांगेतले निम्मे मतदार तिच्याच हातांवर जन्मलेले.

दुपारी तीनच्या सुमारास स्पीडबोटीतून एक माणूस कागद घेऊन आला. मतदान केंद्राचे प्रमुख नित्यानंद सर, कॉलेजात शिकवणारे. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. जुने चेअरमन मोकद्दस तालुकदार यांच्या मेव्हण्याने ढाक्याच्या मोठ्या कोर्टात अर्ज केला होता की मोइशखोला आता कुसुमदीत नाहीच. कोर्टाने सांगितलं होतं, मतदान होऊ द्या, पण सीमेचा निकाल लागेपर्यंत या वॉर्डाची पेटी उघडू नका. गेल्या पुरात तालुकदार चराकडे फिरकले नव्हते. इथली मतं कुठे पडणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नित्यानंद सरांनी माझ्या फटीवर लाख ओतली आणि सही केली. सोमेला दारात उभी होती. तिने विचारलं, "सर, किती दिवस?"

"महिनाभर धरा," सर म्हणाले. त्यांनाही तसंच वाटलं असणार.

बाकीच्या आठ वॉर्डांची मोजणी त्याच संध्याकाळी झाली. तालुकदार शहाण्णव मतांनी पुढे होते आणि सोमेला आठ-नऊ वॉर्डांत मिळून चाळीस मतांनी. निकाल मात्र माझ्या पोटात होता, म्हणून कुणाचाच जाहीर झाला नाही. निकाल नाही तोवर जुना चेअरमन खुर्चीवर. मला कोठारात फळीवर ठेवलं आणि गळ्यात एक चिठ्ठी बांधली, 'न्यायप्रविष्ट, हात लावू नये'.

आता तुम्हाला सांगते, मला माहीत होतं. पोटात काय आहे ते कुणाला कळत नाही? चेअरमनकीला तालुकदार एकशे पंच्याण्णव आणि त्यांच्याविरुद्धचे खबिर मास्तर चारशे दोन. गुलाबी कागदांत कळशी दोनशे बासष्ट, बगळा तीनशे एकतीस. तालुकदार पडले होते. छमिरन दाई निवडून आली होती. हे सगळं मला ठाऊक, आणि सांगायला तोंड नाही. लाख होती ना तोंडावर.

कोर्टाची तारीख पडली की त्या दोघी कार्यालयात यायच्या, पुढे काय झालं ते विचारायला. पहिल्या वर्षी वेगवेगळ्या होड्यांतून आल्या आणि एकमेकींकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या वर्षी होडी एकच होती, पण बोलणं नव्हतं. तिसऱ्या वर्षी एकाच डब्यातले मुरमुरे मोहरीचं तेल आणि हिरवी मिरची घालून खायला लागल्या. कोठाराच्या खिडकीला जाळी होती. कार्यालयातला शिपाई तोफज्जल त्यांना बिनदुधाचा लाल चहा द्यायचा आणि त्या चहा हातात घेऊन जाळीतून मला न्याहाळत उभ्या राहायच्या.

"खाला, कागद पिवळे पडायला लागले बघ," सोमेला छमिरनला मावशीच्या नात्याने म्हणायची. "तुझा बगळा उपाशी मरतोय आत."

"बगळा एका पायावर वर्षभर उभा राहतो, पोरी. तुझ्या कळशीचं बघ. तळाला भोक आहे म्हणतात."

"चाळीसने पुढे आहे मी."

"माझ्या चरावरची मतं मोजायचीत अजून."

तोफज्जल हसायचा. मीही हसले असते.

पण चरावर हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. खटला सुरू झाल्यापासून कुसुमदीचं कार्यालय म्हणायचं, तुम्ही हिजलकोनात राहता, तिकडे जा. हिजलकोना म्हणायचं, तुमचं मत कुसुमदीत आहे, तिकडे जा. जन्माचा दाखला नाही म्हणून पोरींची नावं शाळेच्या परीक्षेला लागेनात. म्हाताऱ्यांचा भत्ता बंद झाला. एका घरातल्या मुलीचं लग्न वयाच्या दाखल्यावाचून तीनदा पुढे गेलं. सोमेला अर्ज लिहायची, छमिरन अंगठा उठवून साक्ष द्यायची की हे मूल माझ्या हातांनी अमुक साली झालं. दोन्ही युनियनांत ते अर्ज घेत नव्हते. एकदा छमिरन तोफज्जलला म्हणाली, "बाबा, मी एवढी मुलं या जगात आणली. आता म्हणतात, ती आलीच नाहीत."

दर वेळी ती जाळीला कपाळ टेकून बघायची. तिला वाचता येत नव्हतं, पण बगळा ओळखता यायचा. एक गुलाबी कागद माझ्या भिंतीला चिकटून थोडा उलगडला होता. त्यावर शिक्का होता, पण कशावर होता ते घडीआड होतं. तिने तो कागद किती वेळा पाहिला असेल. मला वाटायचं, एवढा एक कागद फिरवता आला असता तर.

सहाव्या वर्षी सोमेला एकटी आली. जाळीशी आलीच नाही. बाकावर बसली आणि तोफज्जलने चहा पुढे केला तेव्हा म्हणाली, "खाला गेली. कावीळ झाली होती."

त्यानंतरची तीन वर्षं ती छमिरनच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी हिंडली. कुसुमदी म्हणे हिजलकोना, हिजलकोना म्हणे कुसुमदी. दाखला नाही म्हणून मतदारयादीत छमिरन जिवंतच राहिली. यादी सुधारायला माणसं आली की तिच्या नावापुढे खूण करायची, 'घरी भेटल्या नाहीत'.

नवव्या वर्षी निकाल लागला. चर मोइशखोला हिजलकोना युनियनमध्ये. म्हणून कुसुमदीची ती निवडणूकच रद्द. सात नंबरच्या पेटीतले कागद न मोजता, उमेदवारांसमोर नष्ट करावेत. नकाशे नव्याने आखून झाले की दोन्हीकडे पुन्हा निवडणूक. तोवर खुर्चीवर जो आहे तो राहील.

त्या दिवशी मला कार्यालयातल्या टेबलावर आणलं. नवे अधिकारी, चष्मेवाले, नुकतेच बदलून आलेले, त्यांनी हजेरी घेतली. तालुकदारांचा माणूस सही करून लगेच निघून गेला. खबिर मास्तर आजारी होते.

"छमिरन बेवा?"

"ती तीन वर्षांपूर्वी गेली, साहेब," सोमेला म्हणाली.

"दाखला?"

"दाखला नाही."

साहेबांनी यादी पुढे ओढली. "मग गैरहजर लिहावं लागेल," असं म्हणून त्यांनी तसं लिहिलं.

लाख फोडली, सिलं तोडली, झाकण उघडलं. नऊ वर्षांनी आत वारा आला. मला उलटं करून झटकलं तर कागद पडले ते ढेकळांसारखे. दमटपणाने एकमेकांना चिकटले होते. अंगणात पिंप पेटवलं होतं, पण पहिलं ढेकूळ नुसतं धुरातच बसलं. साहेब म्हणाले, सुटे करावे लागतील. सोमेला फरशीवर बसली आणि म्हणाली, मी करते.

"मोजायचं नाही, बरं का."

"नाही साहेब. सुटे करतेय."

ती एकेक कागद नखाने सोडवत होती, तळहाताने सरळ करत होती, बाजूला ठेवत होती. पांढरे आणि निळे तिने तोफज्जलकडे सरकवले. गुलाबी स्वतःजवळ ठेवले. हात आपोआप दोन राशी लावत गेले. तासाभराने खोलीत कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती. एक रास दुसरीपेक्षा चांगली बोटभर उंच होती. साहेब खिडकीपाशी जाऊन चष्मा पुसत उभे होते, आणि बराच वेळ पुसतच राहिले.

सोमेलाचे ओठ हलायचे थांबले. तिने दोन्ही राशींवर हात ठेवले.

"तोफज्जल भाई, चाळीसने पुढे होते ना मी. इथे एकोणसत्तरने मागे आहे."

तोफज्जलने बोटांवर हिशेब केला. "एकोणतीस, आपा."

"म्हणजे खाला आली."

माझ्या मनात नऊ वर्षं जे साठलं होतं ते एवढ्या तीन शब्दांत बाहेर आलं, आणि ज्या माणसाने ते ऐकायला हवं होतं ते माणूस गैरहजर होतं. मला वाटलं सोमेला रडेल. ती उंच रास उचलून मांडीवर घेऊन बसली, पोर घ्यावं तशी. मग दोन्ही राशी घेऊन बाहेर गेली आणि पिंपात स्वतःच्या हाताने एकेक कागद टाकला. आता कागद सुटे होते, पटापट पेटले. आधी कळशी टाकली, मग बगळा.

मी रिकामी झाले. वाटलं, आता इतर पेट्यांत जाईन. पण कोर्टाच्या आदेशात कागदांचं लिहिलं होतं, पेटीचं काहीच नव्हतं. साहेबांनी वर पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलेलं नाही. म्हणून मला पुन्हा त्याच फळीवर, त्याच चिठ्ठीसकट ठेवलं. पोटात काही नसताना कोंडून राहणं जास्त जड जातं, हे मला आता कळतंय.

महिन्याभराने सोमेला आली. निकालामुळे हिजलकोनाला अखेर मोइशखोलाचे दाखले देणं भाग पडलं होतं, आणि तिने पहिला दाखला आणला होता तो छमिरनच्या मृत्यूचा. यादीतून नाव काढायचा अर्ज तोफज्जलच्या टेबलावर भरत होते. कोठाराचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. नाव, नवऱ्याचं नाव, गाव. गाव विचारल्यावर सोमेला म्हणाली, मोइशखोला, हिजलकोना युनियन.

"व्यवसाय?" तोफज्जलने विचारलं. "दाई लिहू ना?"

"मेंबर लिहा."

"आपा, गॅझेटमध्ये नाव नाही तिचं."

"तुमच्यासमोर लागली होती ना रास?"

तोफज्जलने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग लिहिलं. अर्ज आत साहेबांकडे गेला. साहेबांनी तो पूर्ण वाचला. तोफज्जल दारात उभा होता, त्याला वाटलं अर्ज आता परत येणार. साहेबांनी सही केली आणि शिक्का मारायला शाई मागितली.

नकाशे अजून आखून झालेले नाहीत. निवडणूक कधी आहे, कुणाला ठाऊक नाही. मलाही इथून कधी काढतील सांगता येत नाही. पण कधी ना कधी तुम्ही रांगेत उभे राहाल आणि माझ्यासारखीच एखादी पेटी तुमच्यासमोर असेल. तेव्हा एवढंच करा. ज्या दिवशी कागद टाकाल, त्याच दिवशी ते मोजले गेले की नाही ते बघायला थांबा. पेट्या कितीही वर्षं थांबतात. माणसांना तेवढं थांबता येत नाही.