अंगणात वाचलेलं कलम

झुल्फियेने तापलेलं लोखंडी झाकण आकड्याने उचललं, परातीतल्या फ्लियावर, म्हणजे थरावर थर भाजलेल्या जाड पोळीवर, पातळ पिठाचा आणखी एक थर ओतला आणि झाकण परत ठेवलं. असे वीस थर अजून व्हायचे होते. शेजारी तिचा वकील मुलगा बुरीम नव्या देशाच्या घटनेचा मसुदा मांडीवर घेऊन बसला होता. गावोगावी वाचून दाखवा, लोकांना कळतो का बघा, असं त्याच्या मसुदा समितीने सांगितलं होतं. त्याने आईपासून सुरुवात केली. तिला कळलं की सगळ्या कोसोवोला कळलं.

“पुढे वाच. आणि ते ‘तत्संबंधी’ काढून टाक. घास अडकतो.”

बुरीमने निमूटपणे शब्द खोडला.

“कायद्यापुढे स्त्री आणि पुरुष समान आहेत,” त्याने वाचलं. “या एका वाक्यावर आम्ही पंधरा जण आठवडाभर भांडलो, आई.”

“आठवडा? तेवढ्यात मी तुझं लग्न जमवलं होतं.” तिने पळी झटकली. “पण वाक्य चांगलंय. कळलं.”

बुरीमची छाती फुगली. त्याच खुशीत त्याने पिशवीतून दुसरा कागद काढून निखारे सारणाऱ्या बहिणीपुढे, द्रितापुढे, धरला. वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. जमीन त्याच्या नावावर चढायची तर द्रिताचं हक्कसोडपत्र हवं होतं. बहिणी सही करतातच. जी करत नाही तिला माहेर उरत नाही.

द्रिता दुसऱ्याचं शेत खंडाने घेऊन मिरच्या लावायची. तिने हात पुसले, विहिरीकडच्या तुकड्याकडे एकदा पाहिलं आणि पेन उघडलं.

“थांब गं,” झुल्फिये म्हणाली. “बुरीम, मघाचं वाक्य कुणासाठी आहे?”

“अख्ख्या देशासाठी.”

“मग आपलं अंगण काय परदेशात येतं?”

द्रिता फस्सकन हसली. बुरीमचे कान लाल झाले.

“आई, घटना वेगळी, रीत वेगळी. लोक काय म्हणतील?”

“तेच विचारायला निघालायस ना गावोगाव?”

झुल्फियेने आणखी तीन थर ओतले. मग बुरीमने बहिणीच्या हातातला कागद काढून घेतला आणि त्याच्या चार घड्या घातल्या.

“विहिरीकडे ओल असते. मिरचीला चालेल?”

“चालेल की.” द्रिताने पेन मिटलं. “आणि माझं येणं-जाणं?”

“तू आली नाहीस तर हिची बोलणी मी एकट्याने खायची?”

उरलेले थर झाले, फ्लिया उतरला. झुल्फियेने अर्धा कापून फडक्यात बांधला आणि डोक्याला पांढरा रुमाल घट्ट आवळला.

“कुठे निघालीस?”

“रुस्तेमकडे.”

“मामाकडे? आत्ता?”

“चाळीस वर्षांपूर्वी मीपण अशीच सही केली. अक्रोडाची सगळी बाग त्याला गेली.”

“अगं आई, हा नुसता मसुदा आहे. मंजूर कुठे झालाय अजून?”

“ते तुझ्या मामाला कुठे माहीत आहे? गाडी काढ.”

बुरीम किल्ली घेऊन आला तोवर ती पुढच्या सीटवर बसलीसुद्धा होती. गरम गाठोडं पोटाशी धरून ती ते वाक्य ओठांतल्या ओठांत घोकत होती, एकही शब्द चुकू नये म्हणून.