आज्ञेचं पान

वांग्याच्या वाफ्यात कुंभारीण गुडघे टेकून तण उपटत होती. दीर बांधावर येऊन उभा राहिला.

"वहिनी, उद्यापासून इकडं फिरकू नका. नांगर घालणार हाय."

"अहो भाऊजी, रोपं फुलावर आलीत की!"

"जमीन माझ्या नावावर हाय. अंगठा तुम्हीच दिलात न्हवं?"

दिला होता खरा. नवरा गेल्यापासून दर रविवारी हाच दीर तिला प्रभूचं पुस्तक वाचून दाखवायचा. तिला अक्षराची ओळख नव्हती, पण येशूवर तिचा जीव जडला होता. तो कुष्ठरोग्याला हात लावतो, विहिरीवरच्या बाईशी बोलतो, हे ऐकताना तिचे डोळे भरून यायचे. असंच एकदा दिरानं वाचलं, विधवेनं आपला वाटा घरच्या पुरुषाच्या हवाली करावा, अशी प्रभूची आज्ञा आहे. प्रभूच मागतोय म्हटल्यावर तिनं मागचापुढचा विचार केला नाही.

आता ती मातीच्या हातांनीच प्रार्थनाघरात गेली. भर दुपारी आत चिटपाखरू नव्हतं.

"सगळ्यांना देत सुटलास," ती क्रूसाकडं बघून म्हणाली, "आन् माझ्याकडूनच घेतलंस व्हय रे? माझ्या तोंडचा घास काढताना तुला काहीच वाटलं न्हाई?"

मग ती तडक शाळेतल्या मास्तरीणबाईंकडं गेली. "बाई, मला वाचाया शिकवा. त्यानं असं का सांगितलं, ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय."

"या वयात?"

"वय माझं झालंय बाई, डोळ्यांचं न्हाई."

उन्हाळाभर ती ओल्या मातीवर बोटानं अक्षरं गिरवत राहिली. पावसाळ्यात ओळीखाली बोट धरून येशूची सगळी गोष्ट वाचून काढली, मग पुन्हा पहिल्यापासून. आज्ञा कुठंच नव्हती. उलट लांबलचक प्रार्थना करून विधवांची घरं गिळणाऱ्यांवर प्रभू संतापला होता. ते वाचलं आणि ती हुंदके देऊन रडली. "मी तुझ्यावरच आळ घेतला रे, देवा!"

रविवारी प्रार्थनाघरात दिरानं सगळ्यांसाठी वाचायला पुस्तक उघडलं, तशी ती भरल्या सभेत उभी राहिली.

"भाऊजी, ते आज्ञेचं पान काढा."

दिरानं पानं चाळली, पुन्हा चाळली. "दुसऱ्या... जुन्या पुस्तकात असंल."

"जमीन नेलीत, ती नेलीत. पर त्याच्या तोंडी खोटं घातलंत! इतके महिने मी त्याच्याशी भांडले वो, तुमच्यापायी."

दिराला कुणी एका शब्दानं बोललं नाही. जमीनही परत आली नाही. तिच्या वाफ्यावर त्याचा ऊस उभा राहिला.

पण त्याच आठवड्यात शेजारच्या दोघीजणी तिच्या अंगणात आल्या. दोघींच्याही पदराखाली पुस्तक. "आक्का, आता तूच वाचून दाखव आम्हाला. तुझ्यावर इस्वास हाय आमचा."

कुंभारणीनं मान हलवली. "वाचून न्हाई दाखवणार," ती म्हणाली आणि बसायला दोन पाट सरकवले. "शिकवीन."