काचेपाशी ठेवलेली बाटली

"निल! वाचता येतं ना? निल!" आमचे हे रिपोर्ट नाचवत घरात शिरले. लघवीत बिलिरुबिन नाही, म्हणजे काविळीची भानगड नाही, म्हणजे उद्या ट्रक घेऊन आठवडाभराच्या फेरीवर निघायला मोकळे.

मी इस्त्री आपटली. लोकांचे कपडे धुण्यात माझी हयात गेली. नवऱ्याच्या पायजम्यावरचे कोऱ्या चहासारखे डाग मला दिसणार नाहीत? वर अंगाला खाज, जेवणावरून मन उडालेलं.

"कागद काहीही म्हणो, मला पटत नाही."

"तू काय डॉक्टर लागून गेलीस?"

"नाही, बायको लागून गेले! नमुना कधी घेतला आणि कधी दिला?"

"काल सकाळी घेतला, माल उतरवून संध्याकाळी दिला. तोवर गाडीतच होता, पुढच्या काचेपाशी. डोळ्यांसमोर असला की विसरायला नको."

अरे देवा! दिवसभर उन्हात! उन्हात कापडाचा रंग उडतो, मग याचं काय झालं असेल? मी ह्यांना ओढतच लॅबमध्ये नेलं.

तिथल्या बाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "बिलिरुबिन उजेडात मोडतं हो! आत्ताच्या आत्ता ताजा नमुना द्या." या वेळी नमुन्यात बुडवलेल्या पट्टीचा रंग बदलला, बिलिरुबिन निघालं. तसेच आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी ह्यांची पापणी ओढून पाहिली. "लघवीत बिलिरुबिन उतरायलाच नको. यकृताला सूज असेल, नाहीतर पित्ताची वाट अडली असेल, कदाचित खड्याने. रक्त आणि सोनोग्राफी आजच करा. तोवर प्रवास बंद."

बाहेर बाकावर हे हळूच म्हणाले, "अगं, माझे वडील असेच पिवळे होऊन गेले. ते 'निल' पाहून जीव भांड्यात पडला होता माझा."

माझा राग कुठल्या कुठे पळाला.

"मग घाबरा की! कोण नको म्हणतंय? पण इथे बसून घाबरा, गाडीत नाही."

तेवढ्यात मालकाचा फोन वाजला. हे सवयीने "हो साहेब" म्हणणार, एवढ्यात मी फोन हिसकावला.

"साहेब, उद्या हे येणार नाहीत. तुम्हाला दुसरा ड्रायव्हर मिळेल. मला दुसरा नवरा नकोय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, सदऱ्याची बाही वर सारली आणि रक्त द्यायला आत गेले.