घरचा नव्हे, रानचा

मी एक जुना रानकोंबडा आहे. जुना म्हणजे तुरा फिकट पडलेला आणि एका पायाला दोरीचा वळ असलेला. मित्रांनो, लाडाने जवळ येऊ नका. मी टोचतो.

मी पिल्लू असताना रानात फासे लावणाऱ्या एका माणसाने मला टोपीत घालून घरी नेले. त्याने मला वाढवले, पण प्रेमाने नव्हे. मी मोठा झाल्यावर तो मला रानात नेई, खुंटीला बांधी आणि भोवती फासे पसरी. मी आरवलो की तिथला रानकोंबडा चवताळून माझ्यावर धावून यायचा. फाशात पाय अडकला की त्याचा खेळ खलास. मी गप्प का बसलो नाही, असे विचाराल. अहो, उजाडले की आमच्या गळ्यातून बांग निघतेच!

नावे मात्र मला पुष्कळ मिळाली. शिकार मिळाली की मालक म्हणे, "माझा राजा!" रिकाम्या हाताने परतलो की मी "दळभद्री कार्टं". त्याची बायको मला "टोच्या" म्हणे, कारण दाणे टाकताना मी तिची बोटे फोडत असे. तिचा माझ्यावर राग होताच, पण नवऱ्यावर त्याहून जास्त. पकडलेल्या पक्ष्यांच्या माना तिलाच मुरगाळाव्या लागत.

एकदा वनरक्षक दारात आला. मालकाने घाईघाईने मला डालग्याखाली झाकले.

"डालग्यात काय आहे?" वनरक्षकाने विचारले.

"कोंबडा आहे, साहेब. घरचाच."

घरचा! माझे रक्त उसळले. मी आरवलो. आमची बांग घरच्या कोंबड्यासारखी लांबत नाही, मध्येच तुटते. वनरक्षक मालकाच्या बायकोकडे वळला.

"ताई, तुम्ही सांगा."

मालकाने डोळे वटारले. तिने ओले हात झटकले.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? रानकोंबडा आहे तो. न्या एकदाचा!"

"घरभेदी!" मालक ओरडला.

"माना मी मुरगाळायच्या आणि मिशीला पीळ तुम्ही द्यायचा? आता पुरे झालं!"

वनरक्षकाने मला दूर रानात नेले. तो माझी दोरी सोडत असताना मी त्याचा तळहात रक्तबंबाळ केला. "अरे, सोडतोय ना तुला!" तो कळवळून म्हणाला. मला काय त्याचे? हात तो हातच.

बांधून ठेवल्यामुळे माझे पंख आखडले होते. फांदीवर उडायला जावे आणि तोंडावर आपटावे, असे कितीतरी दिवस चालले. त्या रानाच्या कोंबड्याने मला दोनदा बदडून काढले. तिसऱ्यांदा मीही त्याची पिसे उपटली. आता आम्ही एकमेकांची हद्द पाळतो. मैत्री नाही, आणि ती मला नकोच आहे.

मित्रांनो, आम्हाला जपायचे असेल तर दाणे घेऊन येऊ नका, पिंजरे आणू नका, आणि नावे तर मुळीच ठेवू नका. झाडीतून तुटक बांग ऐकू आली तर जागच्या जागी थांबा. ऐका. आणि आल्या वाटेने परत जा.